पुण्याचा हिशेब, केडगावची कृपा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांना लांबलेल्या प्रास्ताविकाचा कंटाळा होता असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. म्हणून सरळ विषयाला हात घालतो. माणसाचं तारण स्वतःच्या प्रयत्नाने होतं की देवाच्या कृपेने, हा मला दिलेला प्रश्न. ख्रिस्ती धर्मविचारातलं हे सर्वांत जुनं भांडण आहे. पौलाच्या पत्रांत ते आहे, पाचव्या शतकात ऑगस्टीन आणि पेलागियस त्यावरूनच एकमेकांविरुद्ध उभे राहिले, आणि सोळाव्या शतकात लूथरने तोच प्रश्न पुन्हा काढला तेव्हा युरोपातली चर्च दुभंगली. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या आउग्सबर्ग शहरात कॅथलिक आणि लूथरन पुढाऱ्यांनी या विषयावरच्या संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. चारशेऐंशीएक वर्षांनी का होईना, पण मूळ मुद्द्यावर आपलं एकमत आहे असं त्यांनी जाहीर केलं. दौंडच्या रेल्वे वसाहतीत कॅथलिक आणि प्रोटेस्टंट शेजारीशेजारी नांदले, त्यांना या निवेदनाची फार वाट पाहावी लागली नसावी.

पण हा प्रश्न समजून घ्यायला मी तुम्हाला जर्मनीला नेणार नाही. पुण्याहून दौंडकडे येताना वाटेत केडगाव स्टेशन लागतं. तिथे एका बाईने हा प्रश्न नुसता मांडला नाही, तो आयुष्यभर जगून पाहिला. पंडिता रमाबाईंचं नाव आपण समाजसुधारक म्हणून घेतो, शाळेच्या पुस्तकात त्यांचा धडा असतो, १९८९ साली त्यांच्यावर टपाल तिकीटही निघालं. पण त्यांच्या आयुष्याचा गाभा हा कृपेचा प्रश्न होता, ही गोष्ट सुधारकांच्या यादीत बसत नाही म्हणून बाजूला पडते. सभागृहात ख्रिस्ती नसलेली मंडळीही बरीच दिसतात. त्यांनी निर्धास्त राहावं, मी कुणाला धर्म शिकवायला उभा नाही. आपल्या दौंड तालुक्यात घडलेली एक मोठी वैचारिक घटना सांगायला उभा आहे.

सुरुवात रमाबाईंच्या वडिलांपासून केली पाहिजे. अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे गाढे पंडित. त्यांचे गुरू रामचंद्रशास्त्री दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीला संस्कृत शिकवायचे. ते पाहून बायकांनाही ही भाषा आली पाहिजे असं शिष्याच्या मनाने घेतलं, आणि लोकांचा रोष पत्करून त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवलं. कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात त्यांनी आश्रम थाटला, तिथे १८५८ मध्ये रमाबाई जन्मल्या. विद्यार्थी आणि येणारे-जाणारे यांच्या आदरातिथ्यात पैसा संपला. रमा सहा महिन्यांची असताना सगळं कुटुंब तीर्थयात्रेला निघालं आणि मग त्या यात्रेला अंतच राहिला नाही.

हे पुराणिकांचं कुटुंब होतं. देवळात किंवा घाटावर बसून पुराण सांगायचं, मिळेल ती दक्षिणा घ्यायची, त्यातून ब्राह्मणभोजन घालायचं, दान करायचं, उपास करायचे, पुढच्या तीर्थाला निघायचं. यात ढोंग नव्हतं, हे नीट लक्षात घ्या. अनंतशास्त्र्यांची श्रद्धा अस्सल होती आणि कष्ट तर त्याहून अस्सल. पुण्य साठत जातं, साठलेलं पुण्य वेळेला कामी येतं, अशी त्यामागची धारणा. मग १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळाने गाठलं. होतं ते विकलं: दागिने गेले, तांब्या-पितळेची भांडी गेली. देव पावेल म्हणून शेवटच्या पैशापर्यंत दानधर्म चालू होता. मग रानातली पानं आणि फळं खाण्याची वेळ आली. वडिलांनी तीर्थात देह ठेवायचं ठरवलं. तेव्हा थोरला भाऊ श्रीनिवास म्हणाला की मी जातीचा अभिमान सोडतो, मजुरी करतो, पण तुम्ही हे करू नका. पंडिताच्या घरातल्या मुलाने मजुरीची तयारी दाखवणं ही त्या घरातली केवढी मोठी उलथापालथ असेल! पण तेवढाही अवधी मिळाला नाही. वडील गेले, थोड्याच काळात आई गेली, पुढे बहीणही गेली. आईला पोचवायला खांदेकरी मिळेनात. दोन ब्राह्मणांना दया आली. ते दोघे, भाऊ आणि चौथी रमा. तिची उंची कमी पडली म्हणून तिने आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला.

कृपेच्या प्रश्नाची सुरुवात मला इथे दिसते, पुढे इंग्लंडात झालेल्या बाप्तिस्म्यात नाही. माणसाने करण्यासारखं जे जे होतं ते या कुटुंबाने केलं होतं. लूथरही असाच. मठातला कडक साधू, उपास आणि कबुलीजबाब यांत स्वतःला झिजवणारा, रोमच्या पवित्र पायऱ्या गुडघ्यांवर चढलेला. सगळं करून झालं आणि तरी मन म्हणतं की पुरेसं झालं नाही. पुरेसं म्हणजे किती, हे सांगणारा कुणी नसतो.

इथवर रमाबाई आणि लूथर यांची वाट एक आहे. पुढे ती फुटते.

१८७८ मध्ये भाऊ-बहीण कलकत्त्याला पोचले. वीस वर्षांच्या मुलीचं संस्कृत ऐकून तिथले पंडित थक्क झाले, त्यांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पडद्यातल्या बायकांना स्त्रीधर्मावर व्याख्यानं द्यावीत अशी तिला विनंती झाली आणि त्यासाठी तिने धर्मशास्त्रं मुळातून वाचायला घेतली. ग्रंथ एकमेकांशी शंभर बाबतींत भांडत होते, पण दोन बाबतींत सगळ्यांचं एकमत तिला आढळलं, असं तिने पुढे लिहून ठेवलं आहे. एक, स्त्री ही स्वभावतःच वाईट आणि तिला नवऱ्याच्या सेवेवाचून मोक्ष नाही. दोन, शूद्रांना वेदाचा आणि त्या मार्गाने मिळणाऱ्या मोक्षाचा अधिकार नाही.

म्हणजे लूथरला साधना करण्याचा अधिकार होता आणि ती करून तो थकला. रमाबाईंना कळलं की बाई म्हणून आपल्याला तो अधिकारच नव्हता. लहानपणापासून केलेले उपास, पायाखाली घातलेले हजारो मैल आणि मुखोद्गत असलेलं भागवत ज्या वहीत जमा होत होतं असं वाटलं, त्या वहीत आपलं पानच नाही! माझ्या समजुतीप्रमाणे, महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसाने कृपेचा विचार युरोपाहून वेगळा कुठे केला असेल तर तो या ठिकाणी. तिकडे कृपा म्हणजे थकलेल्याला विसावा. इकडे ती वहीबाहेर ठेवलेल्यांना मिळालेला प्रवेश होती.

आता मधली वर्षं भरभर सांगतो, कारण ती तुम्हाला माहीत आहेत. भाऊ गेला. १८८० मध्ये बिपिन बिहारी मेधावी या शूद्र मानलेल्या जातीच्या वकिलाशी लग्न झालं, मुलगी मनोरमा झाली, आणि १८८२ मध्ये पतीही गेले. पुण्याला येऊन आर्य महिला समाज काढला. १८८३ मध्ये इंग्लंड, तिथे वाँटेजच्या मठातल्या भगिनींकडे मुक्काम. लंडनच्या फुलहॅम भागात, समाजाने टाकून दिलेल्या बायकांसाठी त्या भगिनी चालवत असलेलं घर रमाबाईंनी पाहिलं. अशा बायकांशी कुणी मायेने वागतं हेच त्यांना नवीन होतं. आपल्याच नीलकंठशास्त्री गोऱ्हे यांच्या, म्हणजे फादर नेहेम्या गोरे यांच्या लिखाणाचाही परिणाम होता. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. पुण्यात खळबळ उडाली आणि मंडळींनी ठरवून टाकलं की बाई ख्रिस्ती झाली, गोष्ट संपली.

गोष्ट संपली नव्हती. रमाबाईंनी स्वतः नंतर सांगितलं की तेव्हा मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. बाप्तिस्म्यानंतरची सात-आठ वर्षं त्यांची पत्रं वाचा. वाँटेजच्या भगिनी जेराल्डिन यांच्याशी त्यांचे खटके उडतात. त्रैक्य मान्य का करायचं, बिशप म्हणतो म्हणून मुलग्यांना शिकवायचं नाही हे कशावरून, असे वाद चालतात. बाई हट्टी आहे, अहंकारी आहे, असं भगिनींना वाटतं. रमाबाई सांगतात की माझी सदसद्विवेकबुद्धी मी कुणाच्या हवाली करणार नाही. मला त्या पत्रांत हट्टापेक्षा वेगळंच काही दिसतं. चर्चची शिस्त, व्रतस्थपणा, योग्य मत, योग्य वर्तन, ही नवी यादी रमाबाईंच्या हातात दिली गेली होती, आणि जुन्या यादीने पोळलेली ती बाई तिच्याकडे संशयाने पाहत होती. देव बदलला तरी वही तीच राहिली तर मग काय मिळवलं?

उत्तर १८९१ मध्ये आलं. तोवर त्या अमेरिकेला जाऊन आल्या होत्या, तिकडच्या मदतीवर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं होतं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं होतं. या धामधुमीत त्यांनी विल्यम हॅसलम नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचं आत्मवृत्त वाचलं. हा गृहस्थ मोठा मजेदार. कॉर्नवॉलमधला अँग्लिकन पाळक, अनेक वर्षं लोकांना तारणाचा मार्ग सांगणारा. १८५१ च्या एका रविवारी स्वतःचं प्रवचन चालू असताना त्याला उमगलं की आपण हे सगळं सांगतो खरं, पण आपल्याला ते मिळालेलं नाही. आणि तिथेच व्यासपीठावर त्याच्या मनात उजेड पडला. पाळकाचाच उद्धार झाला म्हणून श्रोत्यांनी गलका केला. आपल्या पाळकांनी हे पुस्तक वाचलं तर हरकत नाही, एवढंच सुचवतो.

रमाबाईंनी ते वाचलं आणि बाप्तिस्म्यानंतरही आपण देवापुढे लायक ठरण्याचीच खटपट करत होतो, हे त्यांच्या लक्षात आलं. आधी सुधारायचं, मग स्वीकारलं जायचं, असा क्रम त्यांनी धरला होता. पौलाचं म्हणणं नेमकं उलट आहे. स्वीकार आधी, तोही फुकट, आणि माणूस सुधारतो तो त्या स्वीकारातून. इफिसकरांच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात त्याने हे सांगताना कारणही दिलं आहे, की कुणाला फुशारकी मारायला जागा राहू नये. आपण हा अध्याय तोंडपाठ म्हणतो. त्यातलं सामाजिक स्फोटक मात्र सहसा कुणी हाताळत नाही. फुशारकीला जागा नसेल तर कुळाच्या, विद्येच्या आणि सोवळ्याच्या फुशारकीलाही जागा उरत नाही.

हा विचार आपल्या मातीत परका आहे का? मुळीच नाही. दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांत यावरून दोन पंथ पडले. माकडाचं पिल्लू आईच्या पोटाला घट्ट धरून ठेवतं, तेवढा प्रयत्न त्याने करायचाच, असं एकाचं मत. मांजरीचं पिल्लू काहीच करत नाही, आईच त्याला मानेला धरून उचलते, असं दुसऱ्याचं. मर्कटन्याय आणि मार्जारन्याय म्हणतात ते हेच. आणि तुकोबांची पालखी दरवर्षी यवत, वरवंडचे मुक्काम करत आपल्याच दौंड तालुक्यातून जाते. केडगावपासून हाकेवरच्या चौफुल्यावरून टाळमृदंगाचा गजर ऐकू येतो. आपलं काही चालत नाही, तूच धाव, ही आर्तता त्या गजरात नाही असं कोण म्हणेल? कवी नारायण वामन टिळकांनी ते ओळखलं. १८९५ मध्ये ते ख्रिस्ती झाले, पण तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत राहिले. शेवटी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोघेही त्यात चालत होते.

रमाबाईंनी हा पूल वापरला नाही. पुराणं, तीर्थं, शास्त्रं यांच्याशी त्यांचा हिशेब इतका कडू होता की वारकऱ्यांच्या कृपेकडे त्यांचं लक्ष जावं तसं गेलं नाही. ही त्यांची मर्यादा होती असं मी म्हणेन. पण आईची तिरडी डोक्यावर घेऊन गेलेल्या मुलीला समन्वयाचा उपदेश करायला मी धजावणार नाही.

आता केडगाव. ही जागा रमाबाईंनी घेतली ती अगदी व्यवहारी हेतूने. अमेरिकेतल्या संस्थेने दहा वर्षं मदत देण्याचं कबूल केलं होतं, ती मुदत १८९८ मध्ये संपणार होती. त्याआधी शंभरएक एकर माळरान घ्यायचं, विहिरी खणायच्या, फळबाग लावायची आणि फळांच्या उत्पन्नावर शारदा सदन चालवायचं. कुणाही शहाण्या शेतकऱ्याला पटेल असा हा बेत. म्हणजे कृपेवर सर्वस्वी विसंबल्याचं सांगणारी बाई जमीन घेत होती, कलमं लावत होती! तिला यात विसंगती वाटली नाही, आणि मलाही वाटत नाही. तारण मिळवण्यासाठी हात हलवायचा नाही याचा अर्थ हातच हलवायचा नाही असा होत नाही.

बेत मात्र वेगळ्याच गोष्टीने उधळला. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. रमाबाईंनी स्वतः दुष्काळात घर गमावलेलं, त्यांना राहवेना. त्या गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. त्यातच पुण्यात प्लेग पसरला, एवढ्या मुली शहरात ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांना केडगावच्या माळावर आणलं. झोपड्या, तंबू, जे मिळेल ते. फळबागेच्या जागी वस्ती उभी राहिली, तिला नाव मिळालं मुक्ती. त्याच वर्षी प्लेगच्या छावण्यांत बायकांना मिळणाऱ्या वागणुकीवर त्यांनी वर्तमानपत्रात पत्र लिहून सरकारला धारेवर धरलं, त्याचे पडसाद विलायतेच्या पार्लमेंटात उमटले. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातल्या मुली आल्या आणि मुक्तीतली संख्या दोन हजारांच्या आसपास गेली.

या वस्तीत वेगवेगळी सदनं होती. आंधळ्यांसाठी एक, म्हाताऱ्या बायकांसाठी एक, मुलग्यांसाठी एक. आणि ज्यांना समाज 'पतित' म्हणायचा त्या बायकांसाठीचं घर होतं कृपासदन. फुलहॅमला जे पाहिलं ते चौदा-पंधरा वर्षांनी केडगावला उभं राहिलं. कृपेवरची प्रवचनं मी आयुष्यभर ऐकली, काही दिलीही. पण कृपा या शब्दाखाली नेमकी कोणती माणसं राहायला आणायची, हे इतक्या रोखठोकपणे सांगणारं प्रवचन माझ्या ऐकण्यात नाही.

पैशाचं काय? रमाबाईंनी जॉर्ज म्यूलर आणि हडसन टेलर यांची चरित्रं वाचली होती. माणसांपुढे हात पसरायचा नाही, देवाजवळ मागायचं, ही त्या दोघा धर्मसेवकांची रीत रमाबाईंनी उचलली. याला विश्वासाचं काम म्हणतात. इथे मला थोडं खवचट व्हावंसं वाटतं. मुक्तीचं इंग्रजी नियतकालिक निघत असे आणि ते विलायत, अमेरिका, ऑस्ट्रेलियात जात असे. काय कमी आहे, काय मिळालं, याची हकिकत त्यात असायची. वाचणाऱ्याला ते कळायचंच. तेव्हा मागितलं नाही हे अक्षरशः खरं आणि मागितलंच नाही हे पूर्ण खरं नव्हे. पण दोन हजार तोंडं पदरात असताना या बाईने एकाही मुलीला जागा नाही म्हणून परत पाठवायचं नाही असं मनाशी धरलं, ते फळबागेच्या जमाखर्चावर धरता आलं नसतं, हेही तितकंच खरं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो त्या काळी पुण्यातल्या वर्तमानपत्रांनी घेतलाच होता. शारदा सदनातल्या मुली प्रार्थनेला बसतात या कारणावरून १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे सल्लागारही बाजूला झाले होते. दुष्काळातल्या मुलींना भाकरी द्यायची आणि ख्रिस्ती करायचं, ही कसली फुकट कृपा, असा तो प्रश्न. तो उडवून लावण्यासारखा नाही. उपाशी मुलीची निवड ही मोकळी निवड नसते. मुक्तीतला दिनक्रम ख्रिस्ती होता, तिथे वाढलेल्या बहुतेक मुली ख्रिस्ती झाल्या. माझं मत असं की रमाबाईंनी भाकरीला अट घातली नाही, पण भाकरीच्या भोवतालची हवा त्यांची होती. आणि आक्षेप घेणाऱ्यांपैकी किती जण त्या दुष्काळी भागातून एखादी मुलगी घरी घेऊन आले, हेही विचारलं पाहिजे.

मुक्तीतल्या १९०५ च्या संजीवनाबद्दल, म्हणजे धार्मिक जागृतीच्या लाटेबद्दल, थोडक्यात बोलतो. त्यावर केडगावचे लोक माझ्यापेक्षा चांगलं बोलतील. वेल्समधल्या संजीवनाच्या बातम्या येत होत्या, रमाबाईंनी वर्षाच्या सुरुवातीपासून मुलींचे प्रार्थनेचे गट बसवले होते, आणि जूनच्या अखेरीस एका रात्री मुलींच्या खोलीत रडणं, पापकबुली, अंगात आग पेटल्याचा अनुभव असं सुरू झालं. पेंटेकोस्टल चळवळीची सुरुवात जिथून धरतात ती अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरची प्रसिद्ध सभा १९०६ ची, म्हणजे केडगाव आधी. मुक्तीत काम करणाऱ्या मिनी अब्राम्स यांनी या अनुभवावर पुस्तिका लिहिली, ती दक्षिण अमेरिकेतल्या चिलीमधल्या एका मैत्रिणीला पाठवली, आणि तिथल्या पेंटेकोस्टल चळवळीच्या उगमाशी आज इतिहासकार ती जोडतात. दौंड तालुक्यातून चिलीपर्यंत! पण इथेच धोकाही होता. कुणाला अनुभव आला आणि कुणाला नाही, कोण मोठ्याने रडलं, कोण गप्प बसलं, अशी मोजदाद सुरू झाली की कृपेचीही वही तयार होते. तो धोका आजच्या आपल्या सभांतही जिवंत आहे.

शिरूरकरांना वाटत असेल की सगळं दौंडचंच चाललं आहे. आता घोडनदीला, म्हणजे शिरूरला येतो. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईसाठी फौज निघाली ती तुमच्याच छावणीतून. त्या छावणीच्या दफनभूमीत १८०९ मध्ये वारलेल्या कर्नल वॉलेसचं थडगं आहे. या गोऱ्या अधिकाऱ्याला आसपासचे शेतकरी सत्पुरुष मानू लागले आणि सुगीला पहिलं धान्य त्याच्या थडग्याला वाहू लागले, अशी नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. ख्रिस्ती दफनभूमीत हिंदू शेतकऱ्यांचा नैवेद्य! मला ही नोंद फार आवडते. माणसाला मोकळ्या हाताने देवाकडे जायला संकोच वाटतो, काहीतरी घेऊन गेलं पाहिजे असं वाटतं. तो संकोच वाईट नाही, पण फार खोल आहे, आणि कृपेच्या शिकवणुकीची खरी झुंज त्याच्याशीच आहे.

शिरूरला एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरहून आलं. आपल्या भागातली जुनी ख्रिस्ती घराणी बहुतेक महार आणि मांग समाजांतून आलेली, हे आपण जाणतो, मात्र व्यासपीठावरून मोकळेपणाने बोलत नाही. १८७६-७८ च्या दुष्काळात आणि नंतर माणसं गटागटाने मिशनकडे आली, तेव्हा पोटासाठी बाटले असा शिक्का बसला. खुद्द मिशनरीही साशंक होते. यांना आज्ञा पाठ आहेत का, यांचा हेतू शुद्ध आहे का, हे तपासू लागले. शुद्ध हेतू! मागच्या जन्मीच्या पापाने तुम्ही या जातीत जन्मलात असं ज्यांना शतकानुशतकं सांगितलं गेलं, ज्यांना देवळाची पायरी चढून पुण्य करायचीही मुभा नव्हती, त्यांच्याकडून हेतूचा दाखला मागणं म्हणजे कृपेच्या दारावर नाका बसवणं. त्या माणसांनी पौलाचं पत्र वाचलं नसेल, अनेकांना वाचताही येत नव्हतं. पण काही न देता, काही न सिद्ध करता आपला स्वीकार होतो, ही बातमी त्यांना मिशनऱ्यांपेक्षा लवकर समजली, असं मला वाटतं. रमाबाईंना जे १८९१ मध्ये पुस्तकातून उमगलं, ते घोडनदीच्या काठच्या महारवाड्यात पुस्तकाशिवाय पोचलं होतं.

आणि त्यांची नातवंडं-पतवंडं असलेले आपण आज काय करतो? किती रविवार हजर, दशांश किती, उपास किती दिवसांचा, मुलीचं लग्न मंडळीत की बाहेर. टीव्हीवरचे प्रवचनकार तर उघड सांगतात की इतकं दान पेरा, इतक्या पटीने उगवेल. अनंतशास्त्र्यांनी शेवटचं तांब्याचं भांडं विकून दान केलं, त्याहून हा हिशेब कुठे वेगळा आहे? अनंतशास्त्री निदान प्रामाणिक होते, पटीचा वायदा करून त्यांनी कुणाकडून पैसे उकळले नाहीत.

मग कृतीला काही मोलच नाही का, असं तरुण विचारतात. याकोबाचं पत्र विचारतंच, आणि लूथरला ते पत्र फारसं रुचलं नव्हतं. जर्मन धर्मचिंतक बोनहोफर यांनी १९३७ मध्ये, हिटलरच्या राज्यात, स्वस्त कृपेवर कोरडे ओढले: क्षमा घ्यायची आणि बदलायचं काहीच नाही, ही ती कृपा. रमाबाईंचं उत्तर त्यांच्या दिनक्रमात आहे. उतारवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणायचं ठरवलं, कमी शिकलेल्या बाईलाही कळेल अशा भाषेत. हे काम वर्षानुवर्षं चाललं. त्यातच १९२१ मध्ये मनोरमा गेल्या, ज्यांच्या हाती सगळं सोपवायचं होतं त्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या. दोन वर्षांनी ते बायबल केडगावच्या छापखान्यात छापून पुरं झालं, खिळे मुक्तीतल्या बायकांनी जुळवलेले. इतकं कष्टाळू आयुष्य कृपेवर विसंबलेल्या बाईचं आहे, आळशी माणसाचं नाही. फरक एवढाच की हे कष्ट कुणाला दाखवून काही मिळवायचं नव्हतं, म्हणून ते तिला जड झाले नाहीत.

शेवटी पाळकसाहेबांना आणि शिरूर-दौंडच्या मंडळ्यांच्या पंचांना एक विनंती करतो आणि थांबतो. नवऱ्याने टाकलेली, कलाकेंद्रात नाचणारी, जातीबाहेर लग्न केलेली, पोलिसात नाव गेलेली, अशी एखादी बाई किंवा माणूस तुमच्या देवळाच्या दारात आला, तर त्याला आत घेण्याचा विषय पंचांच्या बैठकीत ठेवू नका. पुढच्या रविवारपासून एवढं केलंत तरी पुरे.